भांड्यांच्या मांडणीतला कॉम्प्युटर

रोह्याच्या शेटची जिरवायची, एवढ्या एकाच कारणासाठी मी कॉम्प्युटर बांधला. लोक विचारतात, ताई, तुम्हाला ही आवड कधी लागली? आवड कसली डोंबलाची! राग आला होता. राग आला की बाया भांडी आपटतात. मी मांडणीतली भांडी खाली काढली आणि रिकाम्या मांडणीत मदरबोर्ड बसवला.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. घर पेणला, रामवाडीत. नवरा कंपनीत शिफ्टला. मी रोज सकाळच्या गाडीने रोह्याला जायचे, तिथे एका फोटो स्टुडिओत कामाला होते. शूटिंगला शेट आणि त्याची माणसं जायची. आणलेलं सगळं कापायचं, जोडायचं, गाणी टाकायची, नवरीचा काळवंडलेला चेहरा जरा उजळ करायचा, हे माझं काम. कोलाड, नागोठणे, रोहा, इकडच्या किती नवऱ्या माझ्या हाताखालून सासरी गेल्या असतील, देव जाणे. काम मला येत होतं. चांगलं येत होतं. हे मी सांगायला लाजत नाही, कारण पुढे त्यावरच शिंतोडे उडाले.

शेटला मशीनपेक्षा मशीनचा थाट जास्त प्यारा. त्याने सुताराकडून खास कपाट करून घेतलं, पुढे काचेचं दार, आत निळे दिवे, आणि त्यात कॉम्प्युटर. मागे वायरी जाण्यापुरतं एक भोक. गिऱ्हाईक आलं की त्याला पहिलं मशीन दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. दाराला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. उन्हाळ्यात दुपारी काचेला हात लावला की गरम चहाच्या कपाला लावल्यासारखं वाटायचं. मी सांगून सांगून थकले. म्हटलं, शेट, आतली गरम हवा बाहेर जायला वाटच नाही, पंखा तीच तीच हवा पुन्हा ओढतोय, गोधडीत तोंड घालून झोपल्यावर माणसाचं होतं तसं मशीनचं होतंय. दार तरी उघडं ठेवा. तर म्हणाला, "बाई, तू कापायचं काम कर. मशीनचं मला शिकवू नको."

त्या वर्षीच्या खंडेनवमीला तर त्याने कहरच केला. त्या दिवशी आपल्याकडे सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. सुतार रंधा पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, तसं स्टुडिओत कॅमेरे आणि कॉम्प्युटर. आता कॅमेऱ्याला लांबून हळदकुंकू लावलं की भागतं. पण शेटने कपाट उघडलं, मशीनच्या डोक्यावरच्या जाळीवर कुंकू लावलं, वर ओंजळभर ओल्या अक्षता टाकल्या, झेंडूचा हार घातला आणि नारळ फोडून त्याचं पाणी फुलाने शिंपडलं. जाळी हवेसाठी असते. अक्षता सरळ आत. मी ओरडले, "अहो, शेट!" तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाच्या अंगावर पाय दिला.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केल्यावर पंख्यातून करकर आवाज यायला लागला. मी म्हटलं, उघडून साफ करू या. शेट म्हणाला, पूजा झालेलं मशीन लगेच उघडत नाहीत, अपशकुन होतो. पुढे दिवाळी आली, गर्दी झाली, आणि ते राहूनच गेलं. मग तुळशीचं लग्न झालं आणि माणसांच्या लग्नांचा मोसम सुरू झाला. काचेवर आतून मुंग्यांची रांग दिसायला लागली. नारळाच्या पाण्याला आलेल्या.

कोलाडच्या एका मोठ्या लग्नाचा व्हिडिओ तयार होत होता. मी शेटला म्हटलं, आज दार उघडं राहू दे, काम जड आहे. तेवढ्यात नवीन गिऱ्हाईक आलं, शेटने दार लावलं, निळे दिवे पेटवले आणि कुलूप घातलं. दुपारी आतून जळका वास आला आणि स्क्रीन काळी. सगळं संपलं. डिस्कही गेली. आणि कॅमेऱ्यातली कार्डं शेटने दुसऱ्या लग्नासाठी आधीच पुसून ठेवली होती. म्हणजे कोलाडच्या त्या मुलीच्या लग्नाचं एक चित्रही कुठे शिल्लक नव्हतं.

नवरीकडचे आले. नवरीची आई, मामा, काका, सगळे. मला वाटलं, शेट हात जोडेल, काहीतरी सारवासारव करेल. त्याने काय करावं? माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं जाळलं मशीन. ओव्हरलोड करून ठेवलं आणि जेवायला गेली. बाईमाणसाच्या हातात मशीन दिलं, ही माझी चूक." नवरीची आई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुला पोरगी आहे का गं?" नाही, असं मी म्हटलं. "म्हणूनच," ती म्हणाली. मी कपाटाकडे हात करून सांगायला लागले, तर कुणी ऐकूनच घेईना.

तेवढ्यावर थांबला असता तरी मी कदाचित गप्प बसले असते. पण आमच्या भागातल्या फोटोवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पेणपासून रोह्यापर्यंतचे सगळे त्यात. कुणाला जास्तीचा कॅमेरावाला लागतो, कुणाला एडिटर, तिथेच कामं ठरतात. शेटने त्यात टाकलं, की या बाईला काम देताना विचार करा, मशीन जाळते, लग्नं बुडवते. मी त्या ग्रुपमध्ये होते. मला त्याने काढलंसुद्धा नाही. मी वाचावं म्हणून ठेवलं.

माझी नोकरी त्याच दिवशी गेली. नंतर मी पेणमधल्या स्टुडिओंत फिरले. कालपर्यंत जे ताई ताई करत होते, ते आता फोनवर बोलत असल्याचं सोंग करायला लागले. एकाला तर मी एसटी स्टँडवर हाक मारली, तो उलट्या बाजूला चालायला लागला. मला दुसरं काही येत नाही. हेच काम येतं आणि ह्याच कामात माझं नाव मातीत घातलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, थांब मेल्या, तुझ्या त्या निळ्या कपाटाला मी असं उत्तर देते की आयुष्यभर आठवेल.

जुना मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मी ओळखीतून मिळवलं. माझं ठरलं होतं, ह्या मशीनला डबा नसणार. काच नको, दार नको, झाकण नको. सगळं उघडं. चारही बाजूंनी हवा खेळली पाहिजे. पण उघडं म्हणजे जमिनीवर पसरलेलं नव्हे, उभं राहायला सांगाडा पाहिजे. मी घरभर फिरले आणि स्वयंपाकघरात भिंतीवरच्या स्टीलच्या मांडणीसमोर थांबले. आडव्या पट्ट्या, ताटांसाठी खाचा, खाली वाट्यांचा कप्पा. हवा अडायला काही नाही. ह्यापेक्षा चांगला सांगाडा बाजारात मिळाला असता का? अजिबात नाही.

मांडणी सासूबाईंची. धरमतरच्या खाडीकडच्या त्या, आयुष्य मिठागरात गेलेलं, हाडाच्या काटक आणि तोंडाच्या तिखट. मी भांडी खाली काढायला लागले तशा धावत आल्या.

"काय गो, यो काय चाललाय? माजी मांडणी कुठं नेतेस?"

"आई, कॉम्प्युटर ठेवायचाय."

"आनि ताटं काय डोक्यावर ठेवू?"

मी त्यांना सगळं सांगितलं. शेटचं कपाट, अक्षता, नवरीची आई, ग्रुपवरचा मेसेज. तोवर मी घरात कुणाला पूर्ण सांगितलं नव्हतं. सासूबाई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "बाईमानूस बोलला काय तो? ने. मांडणी ने." आणि स्वतः वाट्या उचलायला लागल्या. त्या दिवसापासून आमची ताटं टोपलीत आहेत आणि त्याबद्दल त्या रोज एकदा मला ऐकवतात.

मांडणी लोखंडी टेबलावर आडवी टेकवली. स्टीलला बोर्ड टेकला तर शॉर्टसर्किट होऊन क्षणात राख, म्हणून आधी खाचांवर प्लायवूडचा तुकडा बसवला, त्यावर पितळी खुंट्या आणि त्या खुंट्यांवर बोर्ड, म्हणजे त्याच्या पाठीमागूनही हवा जाते. ग्राफिक्स कार्ड ताटासारखं खाचेत उभं केलं. डिस्का वाट्यांच्या कप्प्यात, एकमेकींपासून अंतर राखून, कारण त्याही तापतात आणि त्या तापल्या की लग्नं जातात, हे मी शिकून बसले होते. पंखे चार. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, वाटाण्याएवढी, जास्त नाही. मशीन सुरू केलं, काम दिलं आणि आकडा बघते तर काय, तापमान शेटच्या कपाटाइतकंच! मी रडायच्या बेतात आले. म्हटलं, म्हणजे त्याचंच खरं होतं की काय?

नवरा शिफ्टवरून आला. चहा पीत मशीनकडे बघत बसला. सासूबाई देवाला अगरबत्ती ओवाळून तीच इकडे घेऊन आल्या, मशीनलाही ओवाळायला. धूर बघून मी चमकले. समोरच्या पंख्याचा धूर आत येत होता आणि मागच्या पंख्याचाही आतच येत होता. मी मागचे दोन पंखे उलटे बसवले होते! दोन्हीकडची हवा मधे येऊन एकमेकींना ढकलत होती आणि गरम हवेला जायला जागाच नव्हती. पंख्याच्या कडेवर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो, तो मी रागाच्या भरात बघितलाच नव्हता. पंखे फिरवले. पुन्हा अगरबत्ती धरली. आता धूर समोरून आला, कार्डाच्या अंगावरून सरळ गेला आणि मागून बाहेर पडला. आकडा उतरायला लागला तशी मी टाळ्या वाजवल्या. नवरा म्हणाला, "झालं, हिचं डोकं थंड झालं." माझं डोकं काही थंड झालं नव्हतं. मशीन झालं होतं.

उघड्या मशीनचे त्रासही आहेत, नाही असं नाही. एका दुपारी बोर्डावर पाल बसलेली सापडली, उबेला आली होती. मग मी खिडकीला लावतात ती डासांची जाळी लाकडी चौकटीवर ठोकून मशीनभोवती उभी केली, पण वीतभर लांब, म्हणजे पाल अडते, हवा अडत नाही. खाडीकडची खिडकी कायमची बंद ठेवली, कारण तिकडचा खारा वारा आमच्या गजांना खातो, तो पिनांना सोडेल का? आणि दर रविवारी मऊ ब्रशने धूळ. बस. एवढंच लागतं. एवढंच शेटला सांगत होते मी.

काम आलं ते ग्रुपबाहेरच्या माणसांकडून. पहिलं आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखानदाराकडून, मूर्ती परदेशी जाताना त्याला फिल्म हवी होती. मग सासूबाईंच्या माहेरचे आले. खाडीकडच्या गावांत हळद म्हणजे लग्नाहून मोठा कार्यक्रम. रात्रभर नाच, सगळं गाव अंगणात, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्यामुलाला तो व्हिडिओ हातात पाहिजे. असलं काम घ्यायला मोठे स्टुडिओ टाळाटाळ करतात, कारण मशीनला धाप लागते. मी घ्यायला लागले. मांडणी दिवसभर चालायची आणि हूं की चूं नाही. एका घरातून दुसऱ्या घरात माझं नाव गेलं. मांडणीवाली म्हणायला लागले मला. म्हणू देत! रोह्याकडचीही दोन-तीन घरं शेटला सोडून माझ्याकडे आली. मला ते कळलं तेव्हा मी त्या दिवशी गोड केलं घरी. खोटं कशाला बोलू?

ऐन मे महिन्यात, भर दुपारी, मी मोबाईलवर व्हिडिओ काढला. मांडणी, पंखे, पलीकडे सासूबाई पापड वाळत घालताहेत, स्क्रीनवर जड काम चालू आणि तापमानाचा आकडा स्पष्ट. सासूबाईंनी कार्डामागच्या हवेत हात धरला आणि म्हणाल्या, "बगा, नाय भाजत." मी तो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, मशीन बाईमाणसाच्या हातातलं. सगळ्यांनी बघितला, निळ्या खुणा मला दिसत होत्या. एकानेही काही लिहिलं नाही. मात्र संध्याकाळपर्यंत दोघांनी वेगळा मेसेज करून विचारलं, की ताई, पंखे कुठून घेतलेत? उत्तर दिलं नाही. सडा म्हटलं.

पुढच्या मोसमात एक गाडी आमच्या दारात उभी राहिली. शेट. बरोबर त्याची मुलगी, नुकतंच लग्न झालेली, हातावरची मेंदी पुरती उतरली नव्हती. शेटच्या हातात रुमालात गुंडाळलेली डिस्क. मी दारातच उभी राहिले.

"मॅडम," तो म्हणाला. मॅडम! "आत येऊ का?"

नवं मशीन त्याने त्याच कपाटात ठेवलं होतं. तेच दार, तेच निळे दिवे. आणि ह्या वेळी आत होतं त्याच्या स्वतःच्या मुलीचं लग्न. डिस्क जोडली की थोडा वेळ चालायची, तापायची आणि स्क्रीनवरून गायब व्हायची. तीन स्टुडिओंत फिरून आला होता, सगळीकडे तेच. शेवटी कुणीतरी त्याला म्हणालं होतं, पेणच्या मांडणीवालीकडे जा, तिच्याकडे काही तापत नाही.

मला काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. उकळ्या फुटल्या. त्या मुलीचं वाईट वाटलं, पण तेसुद्धा नंतर. आधी आनंदच.

"करते," मी म्हटलं. "होईलही. पण आधी ग्रुपवर लिहा."

"काय लिहू?"

"त्या वेळी काय झालं ते."

मुलगी बापाकडे बघायला लागली. तिला काही माहीत नव्हतं. शेटने फोन काढला, बराच वेळ खुडबुड केली आणि मला दाखवलं. लिहिलं होतं, की काही तांत्रिक कारणाने गैरसमज झाला होता. मी म्हटलं, "तांत्रिक काय? कपाट लिहा." त्याने पुसलं, पुन्हा लिहिलं, की मशीन कपाटात असल्याने. "कुलूप कुणी लावलं, ते लिहा. अक्षता कुणी टाकल्या, तेही लिहा." त्याच्या कपाळावर घाम. सासूबाई आतून येऊन मधोमध पाट टाकून बसल्या, सिनेमा बघायला बसतात तशा. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, खरं आहे का हे?" त्याने पुन्हा पुसलं. आणि ह्या वेळी नीट लिहिलं. "कपाटाला कुलूप मी लावलं, अक्षता मीच टाकल्या, मशीन माझ्यामुळे जळलं. मी मुद्दाम ताईंचं नाव घेतलं, त्यांची काही चूक नव्हती." माझ्यासमोर पाठवलं.

मी माझा फोन उघडून बसले. वर्षभर ह्याच घडीची वाट बघितली होती. मला वाटलं, आता ग्रुपवर भूकंप होणार. लोक म्हणतील, अरे बापरे, आम्हाला काय माहीत, ताई, आम्ही उगाच तुम्हाला दोष दिला.

पहिला मेसेज त्याचा, जो एसटी स्टँडवर उलट्या बाजूला गेला होता. "ते आम्हाला तेव्हाच कळलं होतं. कपाट आम्ही बघितलं होतं ना." त्याखाली कुणाचा तरी अंगठा. मग दुसरा, "शेट, तुमच्या त्या कपाटावर आम्ही किती हसायचो." मग आणखी अंगठे, एकामागून एक. मग एकाने लिहिलं, "जाऊ द्या, जुनं कशाला उकरता." त्यालाही अंगठे.

मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. शेटही त्याच्या फोनवर तेच वाचत होता. त्याचा चेहरा असा पडला, की मला सगळ्यात जास्त गंमत तेव्हा वाटायला हवी होती. वाटली नाही.

"म्हणजे माझ्यावर कुणी विश्वास ठेवलाच नव्हता," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "पण काम त्यांनी मलाच बंद केलं."

मी डिस्क घेतली, वाट्यांच्या कप्प्यात ठेवली, एक पंखा सरळ तिच्यावर वळवला आणि जोडली. फाइली उतरायला लागल्या. मुलगी स्क्रीनजवळ येऊन स्वतःच्याच लग्नाकडे बघत उभी राहिली. सासूबाईंनी मला विचारलं, "काय गो, झाला ना मनासारखा?" मी मान हलवली, पण माझं लक्ष फोनवर होतं. अजून अंगठे येत होते. पेणचे, रोह्याचे, ओळखीचे, ज्यांच्या मुलींच्या बारशाला मी गेले होते तेसुद्धा. सगळ्यांना माहीत होतं. आणि मी मूर्ख, वर्षभर एकट्या ह्या माणसावर दात खात बसले होते.